पानातले भाडेकरू

अमडापूरच्या (ता. चिखली, जि. बुलढाणा) बाजूला सोयाबीन भरपूर. पेरणीआधी बियाण्याला रायझोबियम चोळावं, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवर गाठी असतात, त्यातले जिवाणू हवेतला नत्र झाडाला देतात, हे शाळकरी पोरही सांगतं. पण त्याच शिवारातल्या बांधावर पळस, बाभूळ, करंज उभे असतात. हीसुद्धा शेंगवर्गीयच. त्यांच्या पानांच्या आत कोण राहतं?

बुरशी! आणि गंमत म्हणजे इतिहासात या पानवाल्यांचा नंबर आधी लागतो. वनस्पतींच्या आत राहणाऱ्या जीवांना जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८६६ साली 'एंडोफाइट' म्हटलं. गाठींतले जिवाणू बेयरिंक यांनी वेगळे काढले १८८८ मध्ये, म्हणजे २२ वर्षांनी.

मग मागून आलेले पुढे कसे गेले? माझ्या मते कारण साधं आहे. जिवाणू नत्राच्या रूपात भाडं भरतात आणि ते मोजता येतं. पानातली बुरशी निमूट राहते. पान हिरवंगार, डाग नाही की काही नाही. त्यात आपल्याकडे बुरशीचा अभ्यास वाढला तो पिकांवरच्या रोगांपायी. बटलर यांच्या १९१८ च्या गाजलेल्या ग्रंथाचं नावच 'फंगाय अँड डिसीज इन प्लांट्स'. जी रोग करत नाही तिची दखल कोण घेणार?

चित्र पालटलं ते फार उशिरा. एलिझाबेथ अर्नल्ड आणि सहकाऱ्यांनी पनामाच्या जंगलातल्या दोन जातींच्या झाडांची ८३ निरोगी पानं घेतली (ही झाडं शेंगांची नव्हती). पानं बाहेरून निर्जंतुक केली, तुकडे केले आणि आतून काय उगवतं ते पाहिलं. दिसण्यावरून बुरशीचे ४१८ प्रकार निघाले! हे २००० सालचं. २००३ मध्ये कोकोच्या रोपांवर दिसलं, की पानात अशी बुरशी असली तर फायटोफ्थोराचं नुकसान कमी होतं. म्हणजे भाडेकरू फुकटे नव्हते, राखणदारी करत होते.

आता मुद्द्याचं. काही गवतांमध्ये ही बुरशी बियाण्यातून पुढच्या पिढीत जाते. उष्ण प्रदेशातल्या झाडांचं मात्र तसं नाही. त्यांचं नवं पान बहुतेक कोरंच फुटतं. बीजाणू आजूबाजूच्या जुन्या पानांतून, हवा-पावसाबरोबर येतात. म्हणजे साठा परिसरात असतो. बांधावरचा जुना पळस तोडला, की आपण सरपण मोजतो, फार तर पत्रावळीची पानं. साठ्यातला एक वाटा गेला, हे हिशेबात येतच नाही.

रायझोबियमचं पाकीट दुकानात मिळतं. हा साठा जपायचा, तर झाडच ठेवावं लागेल.