मत्स्यगंधा : वर मिळालेल्या राणीची शोकांतिका

नाशिकचे नाटककार वसंत कानेटकर यांचे संगीत नाटक. ‘धि गोवा हिंदू असोसिएशन’ने १९६४ मध्ये ते रंगभूमीवर आणले. पदेही कानेटकरांचीच, संगीत पं. जितेंद्र अभिषेकी यांचे. आशालता वाबगावकर (सत्यवती) व रामदास कामत (पराशर) यांच्या भूमिका गाजल्या.

सत्यवतीच्या पुत्रालाच राज्य मिळावे, या विवाहाच्या अटीपायी देवव्रताने आजन्म ब्रह्मचर्य पत्करले. पुढे तिचे दोन्ही पुत्र निपुत्रिक मरण पावले. डोनिझेट्टी यांच्या ‘अ‍ॅना बोलेना’ (१८३०) या इटालियन ऑपेरातील राणीचा घात राजाज्ञेने होतो. सत्यवतीच्या वाट्याला मात्र मान्य झालेल्या अटीचेच दुःख येते. सिंहासन राहते, वारस राहत नाही.