दरबारचित्रांतील स्थान आणि अर्थ

मराठीत ‘झरोका’ म्हणजे भिंतीतील लहानशी खिडकी, ‘दिवाणखाना’ म्हणजे घरातील बैठकीची खोली, आणि ‘गुसलखाना’ म्हटले की स्नानगृहापलीकडे काही मनात येत नाही. मोगल राजवाड्यात मात्र या शब्दांभोवती राज्यकारभाराची एक संपूर्ण व्यवस्था उभी होती. शब्दांचा अर्थसंकोच ही भाषेच्या इतिहासातील नित्याची घटना होय. परंतु संकुचित अर्थ मनात ठेवून जुनी साधने वाचली, तर अभ्यासकाची दिशाभूल होते. दरबारचित्रांच्या बाबतीतही असेच घडते. आपण ती आजच्या छायाचित्राप्रमाणे पाहतो आणि त्यांत जे सांगितलेले नाही तेच शोधीत बसतो. ही चित्रे कशी वाचावीत, याचा थोडक्यात विचार प्रस्तुत टिपणात केला आहे.

या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे साधन म्हणजे अब्दुल हमीद लाहोरी याच्या पादशाहनाम्याची सचित्र प्रत. १६५६-५७ मध्ये लिहून पूर्ण झालेली ही प्रत १७९९ मध्ये अवधच्या नबाबाकडून इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याला भेट म्हणून गेली व आज ती विंडसर येथील राजसंग्रहात आहे. तीत ४४ चित्रे आहेत. त्यांतील दरबारदृश्यांची रचना बहुतेक एकच आहे. वर झरोक्यात बादशहा, मस्तकाभोवती प्रभामंडल. त्याच्या निकट शाहजादे. खाली कठड्याच्या आत थोर उमराव, आणि कठड्याबाहेर कनिष्ठ दर्जाचे लोक. चेहरे बहुधा एका बाजूने दाखविलेले. प्रत्येक चेहरा निराळा व ओळखू येण्याजोगा, परंतु भावना जवळजवळ कोणाच्याच मुद्रेवर नाही.

चित्राची ही रचना चित्रकाराच्या कल्पनेतून निघालेली नाही. आग्रा व दिल्ली येथील किल्ल्यांतील दिवाण-इ-आम पाहिल्यास तिचे मूळ लक्षात येते. दोन्ही ठिकाणी दालनाचे दर्शनी भागात नऊ व खोलीत तीन असे खण आहेत. मागील भिंतीत, उभ्या माणसाच्या डोक्यावर, संगमरवरी झरोका आहे. दालन तीन बाजूंनी मोकळे असल्यामुळे समोरच्या प्रांगणातील सर्वांची दृष्टी त्या एकाच ठिकाणी खिळावी, अशी योजना आहे. बादशहापासूनचे अंतर म्हणजे दर्जा, आणि उंची म्हणजे सत्ता; हे वास्तूने आधीच ठरविलेले होते. चित्रकाराने तेच कागदावर उतरविले. तात्पर्य, वास्तू हे व्याकरण, दरबार हे वाक्य आणि चित्र ही त्या वाक्याची शुद्ध प्रत, असे म्हणावयास हरकत नाही.

शुद्ध प्रत असे म्हणण्याचे कारण आहे. दक्षिणेच्या मोहिमेवरून परतलेल्या शाहजादा खुर्रमची जहांगीराने मांडू येथे १६१७ च्या ऑक्टोबरमध्ये भेट घेतली. तिचे चित्र या प्रतीत आहे. परंतु ते पुष्कळ वर्षांनी, खुर्रम शाहजहान म्हणून गादीवर आल्यानंतर काढलेले आहे. त्या दिवशी मांडूत काय दिसले याचा पुरावा म्हणून ते दुबळे ठरते. सन्मान कसा व्यक्त होत असे, याचा पुरावा म्हणून मात्र ते बळकट आहे. कारण जहांगीराच्या आत्मवृत्ताशी ते जुळते: पुत्राला झरोक्यात वर बोलाविले, स्वतः उठून आलिंगन दिले, सिंहासनाजवळ त्याच्यासाठी आसन मांडविले, आणि नंतर खाली उतरून त्याच्यावरून रत्ने ओवाळून टाकली. वर येणे, खाली उतरणे, बसावयास मिळणे, या प्रत्येक क्रियेला निश्चित मोल होते.

हे व्याकरण ध्यानी घेतले म्हणजे मराठ्यांच्या इतिहासातील एका प्रसिद्ध प्रसंगावर निराळा प्रकाश पडतो. १२ मे १६६६ रोजी, औरंगजेबाच्या चांद्र वाढदिवसाच्या समारंभात, शिवाजी महाराज आग्र्याच्या दरबारात उपस्थित झाले. हा प्रसंग दिवाण-इ-आममध्ये घडला असे लोक सर्रास समजतात. परंतु जदुनाथ सरकार व रघुवीर सिंह यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राजस्थानी पत्रांवरून असे दिसते की, महाराज पोहोचेपर्यंत बादशहा आम दरबार आटोपून दिवाण-इ-खासमध्ये गेला होता. कवी भूषणाने गुसलखान्याचा उल्लेख केला आहे, तो याच स्थळाचा. स्नानगृहानजीक मोजक्याच विश्वासू लोकांना प्रवेश देण्याच्या अकबरकालीन प्रथेवरून ते नाव पडले होते. शाहजहानने ‘दौलतखाना-इ-खास’ असे नवे नाव दिले, तरी लोकांच्या तोंडी जुनेच राहिले.

स्थळातील हा फरक क्षुल्लक नव्हे. दिवाण-इ-खासमध्ये भिंतीतला उंच झरोका नाही. तेथे प्रवेश मिळणे हाच सन्मान. परंतु आत गेल्यावर दर्जा सांगण्यास रांग व अंतर एवढीच साधने उरतात. महाराजांना नजर व निसार झाल्यावर पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभे करण्यात आले. पंचहजारी मनसब १६६५ च्या पुरंदर तहानंतर बालवयाच्या संभाजीराजांनाही मिळालेली होती. पुढे शाहजादे, वजीर जाफरखान व जसवंतसिंह यांना खिलती देण्यात आल्या, महाराजांना नाही. तेव्हा सिंहासनाकडे पाठ फिरवून ते बाजूला गेले व तेथे बसले.

या वर्तनास केवळ संताप म्हणून सोडून देता येत नाही. ज्या दरबारात शाहजाद्यालाही आसन ही कृपा म्हणून लाभावी, तेथे आज्ञेविना बसणे याचा अर्थ सर्व उपस्थितांना कळत होता. आपल्याविषयी रचलेले वाक्य महाराजांनी अचूक वाचले, आणि त्याच भाषेत त्याला उत्तर दिले. दरबारी शिष्टाचार न कळल्याने हा प्रसंग ओढवला, असे जे सुचविले जाते, ते या दृष्टीने टिकत नाही.

आग्रा-भेटीची जी चित्रे आपल्या घराघरांत परिचित आहेत, ती पुष्कळ नंतरच्या कल्पनेची होत. त्यांत क्रोधायमान मुद्रा असते; रांग मात्र बहुधा धूसर असते. पादशाहनाम्याच्या चित्रकारांनी याच्या नेमके उलट केले असते. मुद्रा निर्विकार ठेवून त्यांनी रांग काटेकोर रेखाटली असती. ऐतिहासिक चित्र हाती घेणाऱ्या अभ्यासकाने म्हणून प्रथम चेहरे न्याहाळू नयेत. कोण कोठे उभा आहे, हे पाहावे.