मुखांगे, कवचधर प्राण्यांची

कोळंबी, खेकडा, शेवंड इ. कवचधर प्राण्यांच्या मुखाभोवती असणाऱ्या व अन्न धरणे, त्याचे तुकडे करणे, ते मुखात ढकलणे या कामी येणाऱ्या उपांगांना मुखांगे म्हणतात. कोळंबीत जंभांची (जबड्यांची) एक, जंभिकांच्या दोन व जंभपादांच्या तीन अशा त्यांच्या सहा जोड्या असून त्यांमागे पायांच्या पाच जोड्या असतात. ही भिन्न आकारांची उपांगे मुळात वेगवेगळी आहेत की एकाच अवयवाची रूपांतरे आहेत, या प्रश्नाचा इतिहास सु. दोनशे वर्षांचा आहे.

फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ झ्यूल सेझार साव्हीन्यी (१७७७–१८५१) हे १७९८ मध्ये नेपोलियनच्या ईजिप्त मोहिमेबरोबर गेले होते. परतल्यावर त्यांनी कीटक व कवचधर यांच्या मुखांगांची सूक्ष्म तुलना केली. मुखांगे कितीही भिन्न दिसली, तरी त्यांची घडण एकाच योजनेनुसार होते आणि काही प्राण्यांत पुढचे पायच मुखाजवळ येऊन जबड्यांचे साहाय्यक बनतात, असे त्यांनी १८१६ मध्ये प्रतिपादन केले. पुढे नेत्रविकारामुळे त्यांना संशोधन सोडावे लागले. टॉमस हेन्री हक्स्ली यांनी १८८० मधील आपल्या ग्रंथात क्रेफिश या गोड्या पाण्यातील प्राण्याच्या उपांगांची ओळीने तुलना करून हाच विचार दृढ केला. तिसरा जंभपाद तर बराचसा पायासारखाच असतो.

हे सर्व पुरावे आकाराचे होते. रूपांतर कशामुळे घडते, हे त्यांवरून कळत नव्हते. १९९७ मध्ये मिकालिस आव्हेरॉफ व निपम पटेल यांनी अनेक कवचधरांच्या भ्रूणांचे परीक्षण केले. वक्षाच्या ज्या खंडांवर जंभपाद येतात, तेथे शरीराचे खंड ठरविणाऱ्या जीनांपैकी ‘अल्ट्राबायथोरॅक्स’ हा जीन कार्यशील नसतो. जंभपाद नसलेल्या आर्टेमियात मात्र तो वक्षाच्या सर्व खंडांत कार्यशील असतो, असे त्यांना आढळले. हा केवळ योगायोग आहे की कार्यकारणसंबंध, याचा निर्णय २००९ मध्ये पार्‌ह्याले या लहान कवचधरावरील प्रयोगांनी लागला. या जीनाचे कार्य कमी करताच पायांच्या जागी जंभपादांसारखी उपांगे आली. तो पुढील खंडांत कार्यशील करताच मुखांगे पायांसारखी झाली. साव्हीन्यी यांनी केवळ आकारावरून काढलेल्या अनुमानाला, निदान जंभपादांपुरता, अशा रीतीने प्रायोगिक आधार मिळाला.