यवतमाळची शायरी, मर्ढेकरांचे उंदीर

बा. सी. मर्ढेकर १९०९ सालचे, यवतमाळचे वकील वा. वा. तथा भाऊसाहेब पाटणकर १९०८ सालचे. दोघांच्याही कवितेत मरण ठाण मांडून बसलेले. हाताळणी मात्र दोन टोकांची.

भाऊसाहेबांनी उर्दू शायरीचा बाज मराठीत आणला. ‘दोस्तहो’ अशी हाक घालून ते श्रोत्याला मैफिलीत ओढतात. मग मेलेला माणूसच स्वतःच्या अंत्ययात्रेवर मिश्कील शेरा मारतो. सारा अर्थ शेवटच्या कलाटणीसाठी राखून ठेवलेला; दाद हवी ती तिथेच.

मर्ढेकरांच्या कवितेतल्या, पिपात मेलेल्या उंदरांना अशी मैफील नाही. कलाटणी नाही, मारणाराही दिसत नाही. आखूड ओळी आणि तेच ते शब्द यांतूनच कोंडमारा जाणवतो. उंदीर म्हणजे महायुद्धानंतरचा शहरी माणूस, असे कवी कुठेच सांगत नाही, प्रतिमेवरच सोडतो. इतरत्र तर संतांच्या अभंगाचा साचा घेऊन ते त्यात यंत्रयुगाची भाषा कोंबतात. श्रद्धेच्या लयीत अश्रद्ध काळ! त्यांचा ‘काही कविता’ (१९४७) हा संग्रह दुर्बोध ठरला, त्याच्यावर अश्लीलतेचा खटलाही झाला.

याउलट भाऊसाहेबांची शायरी सुबोध, आणि सुबोधतेचा मान मोठाच. पण भाऊसाहेबांना नुसते विनोदी शायर म्हणणे, हा त्यांच्यावर अन्यायच.