वर्तना आणि मृदुकरण : सेवाग्रामच्या भिंतींच्या निमित्ताने

गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्याजवळील शेगाव येथे आले. या गावास १९४० मध्ये सेवाग्राम हे नाव मिळाले. तेथील बापूकुटी मूळची मीराबेन यांची. तिच्या मातीच्या भिंतींवर त्यांनी हाताने उठविलेली झाडांची व चरख्याची चित्रे आहेत. अशा वास्तूंच्या त्रिमित प्रतिकृती आता संगणकावर करता येतात. त्यामुळे एक जुना प्रश्न नव्या रूपाने पुढे येतो : रंगविलेल्या पृष्ठभागाचे मृदुकरण कोठवर करावे?

प्रतिकृतीच्या आकारावर छायाचित्रे कापडाप्रमाणे चढविली जातात. दोन छायाचित्रांचा प्रकाश भिन्न असला, की त्यांच्या मधली शीव उघडी पडते. ती झाकण्यासाठी ‘ब्लर ब्रश’ वापरतात. हा कुंचला प्रत्येक बिंदूचा रंग काढून तेथे आसपासच्या बिंदूंच्या रंगांची सरासरी ठेवतो. शीव जाते, परंतु तिच्याबरोबर मातीतील काडी आणि बोटांचा माग हेही जातात.

मृदुत्वाची कल्पना आपल्या चित्रशास्त्रास नवी नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातील चित्रसूत्रात छायांकनास ‘वर्तना’ म्हटले आहे. हा शब्द ‘वृत्’ या धातूपासून आला असून ‘वळणे’ हा त्या धातूचा एक अर्थ होय. आकृतीस गोलाई आणणे हेच वर्तनेचे कार्य असल्याने ही व्युत्पत्ती अर्थपूर्ण ठरते. तेथे वर्तनेचे तीन प्रकार सांगितले आहेत : पानाच्या आकाराच्या रेषांची, अतिसूक्ष्म आणि बिंदूंची. अजिंठ्याच्या चित्रांत कडा गडद व मध्य उजळ ठेवून अवयवांना आणलेली गोलाई याच दृष्टीने पाहावी लागते. रेषा असो वा बिंदू, चित्रकार पृष्ठभागावर काही नवे ठेवतो आणि मार्दव पाहणाऱ्याच्या डोळ्यात सिद्ध होते. ब्लर ब्रशची रीत याच्या उलट आहे. तो असलेले भेद नाहीसे करून मार्दव आणतो.

म्हणून हे साधन त्याज्य ठरते, असे मात्र नव्हे. कल्पित पात्राच्या गालावरील दोन रंग एकमेकांत मिसळावयाचे असतील, तर तेथे नष्ट होण्याजोगा पुरावाच नसतो. ऐतिहासिक भिंतीची गोष्ट निराळी. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने बोलाविलेल्या चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी अजिंठ्याची सुटू लागलेली चित्रे पक्की करताना लाखेचा लेप दिला. हेतू रक्षणाचाच होता. पण कालांतराने तो लेप पिवळा पडला आणि पुढील संरक्षकांना तो काढण्याचे कष्ट घ्यावे लागले. तरीही लेप काढता येतो. सरासरीचे तसे नाही. दहा संख्यांची सरासरी हाती असली, तरी त्यावरून मूळ दहा संख्या परत मिळत नाहीत.

तेव्हा अशा कामात काही मर्यादा पाळणे अवश्य आहे. मूळ छायाचित्र जसेच्या तसे जतन करावे. मृदुकरण वेगळ्या थरावर आणि शिवेपुरतेच करावे. ते कोठे केले याची नोंद प्रतिकृतीसोबत ठेवावी. मातीच्या भिंती वारंवार लिंपाव्या लागतात. आजच्या पृष्ठभागाचे छायाचित्र हाच उद्या त्याचा एकमेव साक्षीदार उरण्याचा संभव असतो. साक्षीदाराची भाषा सौम्य करण्याच्या भरात त्याची साक्षच पुसली जाऊ नये, एवढेच प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.