शंभर डॉलरांचा लॅपटॉप आणि नाकारलेले दान

शासकीय सेवेत असताना निविदांचे तुलनात्मक तक्ते आम्ही पुष्कळ तपासले. त्यांत दराचा रकाना ठळक असे. पुरवठादार निघून गेल्यावर वस्तू दुरुस्त कोणी करावी, या प्रश्नास मात्र रकानाच नसे. हा प्रश्न आरंभीच विचारणारा एक प्रकल्प अलीकडच्या इतिहासात होऊन गेला.

जानेवारी २००५ मध्ये दावोस येथे निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी गरीब देशांतील मुलांसाठी शंभर डॉलरांच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' हे त्या उपक्रमाचे नाव. यंत्राचा सर्व व्यवहार चालविणारी कार्यप्रणाली कोणती घ्यावी, असा प्रश्न उभा राहताच ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांनी आपली प्रणाली विनामूल्य देऊ केली. ते दान नाकारण्यात आले. तिची आज्ञावली खुली नाही, हे कारण प्रकल्पाचे एक प्रवर्तक सीमोर पेपर्ट यांनी सांगितले. लिनक्स कुळातील फेडोरा ही खुली प्रणाली स्वीकारली गेली आणि तिच्यावर मुलांसाठी 'शुगर' हे दर्शनी रूप रचले गेले. चालू कार्यक्रमाची मूळ आज्ञावली दाखविणारी एक कळही कळफलकावर योजली होती. २००७ साली ही यंत्रे रायगड जिल्ह्यातील खैराट गावच्या छोट्या शाळेतही पोचली.

व्यवहाराने मात्र तत्त्वाची कसोटी पाहिली. किंमत दोनशे डॉलरांच्या घरात गेली. जगाच्या कचेऱ्यांत विंडोज रुळलेली असल्याने मुलांनी तीच शिकावी, असे अनेक अधिकाऱ्यांस वाटे. त्यांच्या जागी आम्ही असतो तर कदाचित तसेच टिपण लिहिले असते. अखेर मे २००८ मध्ये विंडोज एक्सपीलाही प्रवेश मिळाला. यंत्राची साठवण अवघी १ गिगाबाइट. त्यामुळे एक्सपीसाठी निराळे कार्ड जोडावे लागे. त्याच सुमारास प्रकल्प सोडलेल्या वॉल्टर बेंडर यांनी 'शुगर लॅब्स' स्थापिली.

खुलेपणाने सर्व साधले, असे नव्हे. पेरूमधील शाळांच्या २०१२ च्या पाहणीत गणित व भाषा यांत प्रगती आढळली नाही. यंत्र शिक्षकाची जागा घेत नाही. तथापि एप्रिल २०१४ मध्ये कंपनीने एक्सपीचा सांभाळ थांबविला, तेव्हा वापरणाऱ्यांस ती स्वतः सांभाळण्याचा मार्ग नव्हता. शुगरची आज्ञावली खुली असल्याने मूळ प्रकल्प ओसरल्यावरही स्वयंसेवकांनी ती पुढे चालविली.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी पूर्वजांच्या मोडी कागदांचे रुमाल आहेत. कागद आपले, मजकूर आपला. पण वाचून घेण्यास जाणकार शोधावा लागतो. नातवंडांसाठी स्वस्त लॅपटॉप घेताना दरासोबत हा एक रकाना आपण अवश्य आखावा, असे आम्हांस वाटते: आज त्यात लिहिलेले उद्या कोणाच्या परवानगीवाचून उघडता येईल काय?