परदेशी गेलेला ठेवा : उसना, विकतचा की हक्काचा?

व्यापाऱ्याच्या खतावणीत उसने, विकत घेतलेले आणि परत मिळालेले यांची नोंद एका खात्यात होत नाही. परदेशांतून येणाऱ्या ऐतिहासिक ठेव्याचे स्वागत करताना मात्र आपण हा भेद विसरतो.

2024 साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून साताऱ्यास आलेली वाघनखे तीन वर्षांच्या बोलीने, उसनी आली. पहिले रघुजी भोसले यांची तलवार महाराष्ट्र शासनाने 2025 साली लंडनच्या लिलावात सुमारे 47 लाख रुपयांस घेतली. 1817 च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांनी नागपूरचा खजिना लुटला. तलवार त्यातच गेली असावी. म्हणजे घरचीच वस्तू मोल देऊन सोडवली!

तेथे ठेवा जपला गेला, याचे ऋण मानावे. परंतु जपणुकीने मालकी मिळत नाही. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत चोरीचा माल स्वीकारणे, म्हणजे तदाहृतादान, हाही एक आहे. लुटीचा ठेवा मूळ स्थानी परतावा, हाच न्याय.

मात्र हक्क सांगणाऱ्याजवळ पुरावा हवा. म्हणून सोलापूर परिसरातील आपल्या मंदिरांतील प्राचीन मूर्ती व हस्तलिखितांची सछायाचित्र नोंद या सुवर्णमहोत्सवी वर्षात पूर्ण व्हावी, ही समाजबांधवांस नम्र विनंती.